घरचं रक्त

आमचे सर रक्ताच्या नळीला नावाने हाक मारत.

रक्त गरगर फिरवून त्यातला वरचा पातळ पिवळा भाग वेगळा करायचं एक यंत्र असतं. त्यात नळ्या समोरासमोर, सारख्या वजनाने ठेवाव्या लागतात. सर त्या ठेवताना प्रत्येकीशी बोलत. "जशुभाई, तुम्ही इथे बसा. रमीलाबेन, तुम्ही त्यांच्या समोर. जरा चक्कर येईल, घाबरायचं नाही." झाकण लावलं की यंत्र पूर्ण वेगात येईपर्यंत ते शेजारी उभे राहत. एस.टी. स्टँडवर कोणाला सोडायला गेलेला माणूस गाडी हलेपर्यंत उभा राहतो, तसे.

मी कॉन्व्हेंटात शिकलेली, आणि तुम्हाला माहीत आहे, मला प्रत्येक वस्तू जागच्या जागी लागते. प्रयोगशाळेत रुजू झाले त्याच आठवड्यात मी म्हटलं, "सर, नळ्यांवर नंबर आहेत."

"नंबर यंत्रासाठी, बाई. त्या बिचाऱ्याला नाव कळत नाही. आपल्याला काय झालंय?"

मागच्या वेळी व्हिडिओवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आजी, तू नोकरीत नक्की काय करायचीस? मी म्हटलं, रक्त तपासायचे. तेवढ्यात चित्र थिजलं, आणि मग तुमची झोपायची वेळ झाली. ते उत्तर मला अपुरं वाटत राहिलं. मी काय करायचे हे सांगायचं तर सरांबद्दलच सांगावं लागेल. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण सर इंग्रजीत बसत नाहीत. मी तसा प्रयत्न करून पाहिला. ते त्यात फार शहाणे दिसायला लागले.

सर उंच, सडपातळ, किंचित वाकलेले. शर्ट नेहमी पांढरा, त्यावर एखादा न जाणारा डाग, आणि डागाचं कारण ते आपण होऊन सांगत. नमस्कारासाठी किंवा हस्तांदोलनासाठी कोणी हात पुढे केला की ते मनगट धरत आणि दोन बोटांनी नाडी पाहत. कुलगुरूंचीही पाहिली. एका लग्नात नवरदेवाची पाहिली आणि त्याच्या सासऱ्याला म्हणाले, "मुलगा घाबरलाय, पण नियमित घाबरलाय. काळजी नाही." तुमचा बाबा लहान असताना जिन्यात सर दिसले की आपणच मनगट पुढे करायचा.

जिन्यात म्हणजे बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या इमारतीच्या जिन्यात. आपण दुसऱ्या मजल्यावर होतो, सर तिसऱ्यावर. त्यांच्या समोरच्या दारात भानुबेन, शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षिका. सरांनी लग्न केलं नव्हतं. आई गेल्यावर त्यांच्या घरातला गॅस फक्त चहापुरता पेटे. जेवायचं मात्र त्यांना कधी कमी पडलं नाही, कारण सगळ्या इमारतीतून त्यांच्याकडे वाट्या जात. भानुबेनची कढी, तळमजल्यावरच्यांची उसळ, माझी आमटी. गुजराती शेजारात याला वाटकी-वहेवार म्हणतात, तुमच्या लक्षात असेल. जेवण कोणी मागत नाही, आमंत्रणही कोणी देत नाही. एका घरातून दुसऱ्या घरात वाटी जाते आणि येते, एवढंच. आणि वाटी रिकामी परत करायची नाही, हा नियम आपल्याकडेही आहेच.

सरांची पंचाईत अशी, की परत करायला त्यांच्या घरात शिजलेलं काही नसे. मग भानुबेनच्या वाटीत कुंडीतला कढीपत्ता जाई, माझ्या वाटीत खडीसाखर, कधी नुसतं एक लिंबू. एकदा भानुबेन वाटी घेऊन माझ्याकडे खाली आल्या. वाटीत चार खजूर होते आणि घडी घातलेला एक कागद. सरांनी त्यांचं रक्त तपासायला नेलं होतं, त्याचा तो निकाल.

"जुओ तो खरां," भानुबेन म्हणाल्या. "मी कढी दिली, ह्यांनी हिमोग्लोबिन दिलं."

तुमचे आजोबा त्यावर पुष्कळ दिवस हसत. घरात कोणी काही परत करायचं विसरलं की ते म्हणत, "निदान हिमोग्लोबिन तरी द्या."

सरांचे आजोबा बडोद्यात संस्थानी राजवटीच्या काळात शिक्षणखात्यात होते. शास्त्रातल्या प्रत्येक गोष्टीला आपल्या भाषेत शब्द असलाच पाहिजे, हे त्या घराण्याचं खूळ, आणि ते वारशाने सरांकडे आलं होतं. आमचं सगळं काम ज्या एका गोष्टीवर चाललं होतं, तिलाच नेमका शब्द सापडत नव्हता, याचं त्यांना वाईट वाटे.

ती गोष्ट अशी. हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं. ते त्याला त्याच्या अंगावरून उतरणाऱ्या मोजक्या धमन्यांतून मिळतं. त्यातली एखादी हळूहळू बुजत गेली तर तिच्या वाट्याचा स्नायू उपाशी पडतो. पण सगळ्यांचा पडत नाही. काही माणसांत शेजारच्या धमनीकडून येणाऱ्या बारीक, केसासारख्या वाहिन्या असतात. इतके दिवस त्यांना कोणी विचारलेलं नसतं. गरज पडली की त्या हळूहळू रुंद होतात आणि उपाशी भागाला रक्त पोचवू लागतात. म्हणून एकाच जागी सारखाच अडथळा असलेल्या दोघांपैकी एक झटक्याने जातो आणि दुसऱ्याला आपल्याला काही झालंय हेही कळत नाही. इंग्रजीत या वाहिन्यांना कोलॅटरल म्हणतात. सरांनी मराठीत पर्यायी रक्ताभिसरण करून पाहिलं, उपवाहिनीजाल करून पाहिलं. मग स्वतःच म्हणाले, "असं सांगितलं तर पेशंटला वाटेल, आणखी एक रोग झाला."

शब्द त्यांना वॉर्डात सापडला. पादरा गावचा एक भाजीचा व्यापारी दाखल होता. मुख्य धमनी पूर्ण बंद, आणि माणूस खाटेवर बसून बायकोशी भांडतोय. डॉक्टरांनी बाईंना समजावलं होतं, पण त्यांना ते पटत नव्हतं. आम्ही नमुना घ्यायला गेलो तर त्यांनी सरांनाच धरलं.

"नळी बंध छे, तो ए जीवे छे केवी रीते?"

सर त्यांच्यासमोर स्टुलावर बसले. "बेन, दही मेळववा बेसो, ने घरमां मेळवण न होय, तो शुं करो?"

"बाजुवाळीने त्यांथी वाटकी मंगावुं." मेळवण म्हणजे विरजण, आणि बाजुवाळी म्हणजे शेजारीण.

"बस. एमना हृदयमां बाजुवाळी सारी छे."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "एमनुं नसीब," त्या म्हणाल्या. "घरवाळी साथे तो बनतुं नथी."

आम्ही परत आलो. प्रयोगशाळेच्या दारात थांबून म्हणाले, "वाटकी-वहेवार. बाई, शब्द हाच." मी म्हटलं, मराठीत वाटीव्यवहार म्हणायला हवं. ते म्हणाले, "वाटीव्यवहार म्हटलं की सहकारी पतपेढीचा वास येतो. असू द्या गुजराती. बडोद्याचं हृदय आहे, मिश्रच बोलणार."

त्यानंतर आमच्या प्रयोगशाळेत दुसरा शब्द कोणी वापरला नाही. इंग्रजी शोधनिबंध मी लिहीत असे, तेवढ्यात मात्र कोलॅटरल. सर माझी सगळी विशेषणं खोडत आणि मी त्यांचे 'द' आणि 'अ' जागेवर ठेवी. "तुमचं इंग्रजी इस्त्रीचं आहे," ते म्हणत. "घडी मोडली की बाईंचा जीव जातो."

आम्ही शोधत होतो ते हे. ज्याला चांगला वाटकी-वहेवार आहे, त्याच्या रक्तात त्याची काही खूण सापडते का? धमनीत नळी घालून, रंग सोडून चित्रं काढली की सगळं दिसतंच, पण ते मोठं काम. साध्या हाताच्या रक्तावरून अंदाज आला तर किती बरं. उपाशी पडलेला स्नायू काही प्रथिनं रक्तात सोडतो. नवी वाट रुंद करा, असा निरोप नेणारी प्रथिनं वेगळी. स्नायूला इजा झाली की दिसणारं ट्रोपोनिन वेगळं. आम्ही हे सगळं मोजत होतो. "रक्त खोटं बोलत नाही," सर म्हणत, "पण पूर्ण वाक्यही बोलत नाही. शब्द टाकतं आणि गप्प बसतं."

आता मूळ गोष्टीकडे येते.

प्रयोगशाळेत रोज यंत्र सुरू करताना आधी एक ओळखीचं, निरोगी माणसाचं रक्त लावून पाहतात. त्याचं उत्तर ठरलेल्या मर्यादेत आलं की यंत्र ठीक, मग रोग्यांचे नमुने. कंपनीचं तयार द्रव्य त्यासाठी मिळतं आणि ते आम्ही वापरतही होतो. पण सरांचा त्यावर भरवसा नव्हता. बाटलीतल्या माणसाला आपण ओळखत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते वर स्वतःचंही रक्त लावत. त्या नळीला आमच्याकडे म्हणत, घरचं रक्त. सकाळी कोणीतरी विचारायचं, "घरचं लागलं का?" आणि लागलं असेल तर काम सुरू.

ट्रोपोनिन मोजायची नवी, फार बारीक मोजणारी पद्धत आली तेव्हा घरचं रक्त बिघडलं. बाटलीतलं बरोबर येई आणि घरचं थोडंसं वर. फार नाही, पण रोज. सर म्हणाले, बाटलीतलं कंपनीचं, यंत्रही कंपनीचं, ते एकमेकांना सांभाळून घेणारच. आम्ही पाणी बदललं, फ्रीज बदलला. शेवटी अहमदाबादहून कंपनीचा इंजिनिअर आला. दिवसभर यंत्र उघडून बसला आणि संध्याकाळी हात पुसत म्हणाला, "साहेब, मशीन एकदम बराबर छे."

"माझ्याशी खोटं बोलतंय," सर म्हणाले.

"साहेब, ए बोलतुं ज नथी."

सरांनी त्याला चहा पाजला, पण मान्य केलं नाही.

याच सुमाराला सरांना एक नवीन सवय लागली होती. जिना चढताना ते प्रत्येक मजल्यावर थांबत आणि दारांवरच्या पाट्या वाचत. मोठ्याने वाचत, आणि त्यावर भाष्य करत. ह्यांनी आडनावातला उकार ऱ्हस्व काढलाय, ह्यांच्या पाटीवरचा मुलगा अमेरिकेला जाऊन जमाना झाला, आता नाव काढायला हवं. आमच्या दाराशी ते इतके रेंगाळत की तुमचे आजोबा आतून म्हणत, "सर, पाटी कालचीच आहे." आम्ही सगळे हसायचो. विक्षिप्त माणसाचं हेच वाईट असतं. त्याचं दुखणंही लोकांना विक्षिप्तपणाच वाटतं.

मग सर एका लग्नासाठी पुण्याला गेले. तिथे त्यांचा भाचा असे, बहिणीचा मुलगा. सकाळी घरचं रक्त लावायचं तर सर नाहीत, म्हणून मी माझं दिलं. उत्तर अगदी मर्यादेत आलं. दुसऱ्या दिवशीही तेच. सर परत आले, त्यांचं लावलं, पुन्हा वर.

दोन्ही आकडे माझ्यासमोर होते. मला कळलं, आणि कळल्यावर मी उगाच टेबल पुसत बसले. शेवटी म्हटलं, "सर, तुम्ही नव्हता तेव्हा घरचं बरोबर आलं."

"कोणाचं होतं?"

"माझं."

त्यांनी यंत्राकडे पाहिलं. मग स्टँडमधून स्वतःची नळी उचलून त्यांनी उजेडासमोर धरली. प्रत्येक नळीला नाव होतं, फक्त तिला नव्हतं. ती नुसती घरची.

"म्हणजे यंत्र बरं आहे," सर म्हणाले. आणि नळी परत ठेवत, "बाई, अहमदाबादचा नंबर लावून द्या. त्या मुलाची माफी मागायला हवी."

त्यांनी खरोखरच मागितली. तो मुलगा म्हणाला, काही हरकत नाही साहेब, पण मग झालं काय होतं? "अरे, काही नाही," सर म्हणाले. "निरोगी माणूस बिघडला होता."

चित्रं काढायचं काम त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलं. तो आता मोठा हृदयतज्ज्ञ होता, पण सरांसमोर आवाज एक पट्टी खाली जाई. मी काचेपलीकडे उभी होते. मनगटातून बारीक नळी वर गेली, रंग सोडला, आणि पडद्यावर सरांचं हृदय दिसू लागलं.

"सर, प्लीज हलू नका."

"अरे, पण तू बघ तरी. ही डावी, पुढे उतरणारी. इथे संपली. खलास. आता उजवीत रंग सोड. सोडलास? आता थांब. थांब जरा." सर आडव्या स्थितीत, मान वळवून पाहत होते. उजवी धमनी भरली. तिच्यातून वेड्यावाकड्या, बारीक, दोऱ्यासारख्या रेषा पडद्यातून आरपार निघाल्या, आणि ती बंद पडलेली पुढची धमनी खालून वर, उलट्या दिशेने, हळूहळू भरत आली. "ती बघ," सर म्हणाले. "ती बघ, आली. बाई, दिसतंय का तुम्हाला?"

मला दिसत होतं. मी त्यांना इतकं आनंदात त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही.

"सर, छातीत कधी दुखलं नाही?" डॉक्टरने विचारलं.

"दुखलं असेल. मी कामात होतो."

नंतर डॉक्टरने मला बाजूला बोलावलं नाही. त्याने सरांच्या समोरच सांगितलं, कारण सरांनी त्याला तसंच शिकवलं होतं. ज्या उजव्या धमनीवर सगळं चाललं होतं, तिच्यातही आता मोठा अडथळा होता. "सर, तुमच्याच भाषेत सांगतो. जिच्या घरून वाटकी येतेय, तिच्याच घरातली चूल विझायला आलीय. ती विझली तर दोन्ही घरं एकदम जातील. बायपास करायला हवं, आणि लवकर."

सर नाही म्हणाले.

ते भीतीने नाही म्हणाले असते तर समजूत घालणं सोपं होतं. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. प्रयोगशाळेत, दोन नळ्यांच्या मधे, त्यांनी मला ते सांगितलं. "पायातली शीर काढून पूल टाकतील. पुलावरून भरपूर रक्त येईल. मग या बारक्या वाटांना कोण विचारणार? गरज संपली की त्या आक्रसतात. बाई, त्यांनी मला इतकी वर्षं न सांगता पोसलं. एक दिवस खाडा नाही. आणि मी पूल बांधून त्यांना घरी बसवू?"

"सर, त्या वाहिन्या आहेत."

"माहीत आहे मला."

मी त्यांना त्यांचेच धडे ऐकवले. बसल्या जागी त्या वाटा पुरतात, जिना चढताना पुरत नाहीत. पाट्या का वाचता हे आता मला कळलंय. उजवी बंद झाली तर पाटी वाचायलाही वेळ मिळणार नाही. ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "बरोबर आहे. आता रमीलाबेनना काढा, त्या पुष्कळ फिरल्या." डॉक्टर रोज मला फोन करी, सरांनी काही ठरवलं का? मी रोज सांगे, नाही. सकाळी वरच्या मजल्यावर त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येईपर्यंत मी चहाला हात लावत नसे.

शेवटी मी भानुबेनना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पदर खोचला आणि समोरचं दार वाजवलं. मी मागेच होते.

"साहेब, तमे ओपरेशननी ना पाडी?"

"हा."

"कारण?"

सरांनी कारण सांगितलं. त्यांनी ते अगदी नीट, गुजरातीत, पादऱ्याच्या बाईंना सांगितलं होतं तसं सांगितलं. भानुबेन गणिताच्या शिक्षिका. त्यांनी मधे बोलणं तोडलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "सारुं. तमारे त्यां मारी केटली वाटकी पडी छे?"

सर गोंधळले. मागे स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर त्यांनी पाहिलं. "असतील तीन."

"तमे जाव, तो मारी वाटकी पाछी कोण आपशे? अने खाली नहीं चाले, हं. तमने नियम खबर छे."

खाली म्हणजे रिकामी. सर उंबऱ्यात उभे राहिले. खालून बाजाराचा आवाज येत होता. "हा मुद्दा आहे," ते मराठीत म्हणाले, बहुधा माझ्यासाठी. दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरला हो कळवलं.

ऑपरेशन उत्तम झालं. भाचा पुण्याहून आला, आणि मला सांगायला हवं की तो फार चांगला मुलगा होता. रात्रंदिवस बसला, मामांचे पाय दाबले, डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारले. घरी आणायची वेळ आली तेव्हा म्हणाला, "मामा, तिसरा मजला, लिफ्ट नाही, घरात बाई नाही. थोडे दिवस माझ्याकडे चला." यात न पटण्यासारखं काय होतं? मीच त्यांच्या औषधांच्या वेळा लिहून दिल्या, बॅग भरली. भानुबेनच्या तिन्ही वाट्या घासून परत गेल्या. एकीत खडीसाखर होती. एकीत कढीपत्ता. तिसरीत सरांच्या दाराची किल्ली.

थोडे दिवस म्हणता म्हणता ते तिथेच राहिले. वाईट कोणीच वागलं नाही. पुण्यात दवाखाना जवळ, फिरायला सपाट बाग, भाच्याची मुलं. सरांची तब्येत इतकी सुधारली की ते टेकडी चढू लागले. रविवारी फोन करत. मी विचारी, जेवण कसं आहे?

"ताट येतं, बाई. वेळेवर, झाकलेलं, कमी मिठाचं. छान असतं. ताट परत करायचं नसतं, ती एक सोय आहे."

मग मी प्रयोगशाळेचं सांगे. आमचा निबंध छापून आला. कुठल्याही एकाच खुणेवरून वाटकी-वहेवार ओळखता येत नाही, काही खुणा एकत्र पाहिल्या तर अंदाज येतो, तोही सावधपणे, एवढंच त्यात म्हटलं होतं. सरांनी तो वाचून माझं एक विशेषण खोडलं. छापून आल्यावर.

मी निवृत्त झाले. अधूनमधून तिकडे जाते तेव्हा पाहते, नळ्यांवर आता बारकोड असतात. मुली हुशार आहेत, हात स्वच्छ, नोंदी चोख. कोणी नळीशी बोलत नाही, आणि बोलायलाच हवं असं मीही म्हणणार नाही. पण यंत्राचं झाकण लागतं, ते फिरायला लागतं, आणि मला शेजारची रिकामी जागा दिसते. सर होते तोवर त्यांच्या बोलण्याने माझं काम खोळंबतं, अशी माझी तक्रार असे. तिसऱ्या मजल्यावर आता हिशेबनिसाचं ऑफिस आहे. भानुबेनना ऐकू कमी येतं, म्हणून त्या मोठ्याने बोलतात. सरांचा विषय निघाला की तेवढ्यापुरत्या हळू बोलतात.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर सर गेले. न्यूमोनिया झाला. भाच्याचा फोन आला. तो रडत होता, आणि रडता रडता पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "हृदय शेवटपर्यंत उत्तम होतं, मावशी. डॉक्टरांनीही म्हटलं, हृदय उत्तम होतं." मी म्हटलं, हो रे, मला माहीत आहे. आम्ही ते वाचवलं होतं. तसाच प्रसंग पुन्हा आला तर मी पुन्हा भानुबेनना बोलावीन. तरी फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ मला कळेना की वाचलं काय आणि गेलं काय.

त्याआधीच्या रविवारी ते माझ्याशी बोलले होते. आवाज खोल गेला होता, मधे खोकला येत होता. मी म्हटलं, सर, बोलू नका, मी बोलते. ते म्हणाले, "नाही, एक विचारायचंय. तुम्ही वाचत असता अजून. पूल टाकल्यावर त्या जुन्या वाटा आक्रसतात. पण मरतात, की नुसत्या झोपतात? पुन्हा कधी गरज पडली तर उठतील का? मी दोन्ही मतं वाचली आहेत. माझ्यातल्या त्यानंतर कोणी पाहिलेल्या नाहीत."

खिडकीतून मला आपल्या गच्चीवरची तुमची दोघांची जुनी सायकल दिसत होती. मी म्हटलं, "झोपतात, सर."

"पुरावा?"

"तुमच्या बाबतीत नाही."

"मग लिहू नका," सर म्हणाले. "पण मला पुन्हा एकदा सांगा."

मी सांगितलं.